‘सगळ्यांचीच वॉर्निंग बंद कर ना!’: आउटलुकचा एक पॉपअप आणि ऑफिसातले शंभर कॉम्प्युटर

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. त्याला नुकतीच पहिली नोकरी लागलीय. हिंजवडीतल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये नाही, नऱ्ह्यातल्या एका मध्यम कंपनीत, आयटी सपोर्टला. मेसेज असा होता: “दादा, ९० पीसीवर आउटलुक सारखं विचारतंय की एक प्रोग्रॅम तुमच्या नावाने मेल पाठवायचा प्रयत्न करतोय, अलाउ करू का? लोक जाम वैतागलेत. साहेब म्हणतात उद्यापर्यंत सगळीकडे बंद कर. रजिस्ट्रीत एक व्हॅल्यू टाकायची, एवढंच आहे ना?”

हो, एवढंच आहे. दोन मिनिटांचं काम. पण त्याचं ते “एवढंच” वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण २०१९ मध्ये मीही हेच केलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण मेल फक्त फोनवर बघतात, तर आधी हा पॉपअप काय आहे ते सांगतो. ऑफिसात आउटलुक नावाचं मेल सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलं असतं. त्याची खासियत अशी की दुसरा प्रोग्रॅम त्याला हुकूम देऊ शकतो. एक्सेलमध्ये छोटा कोड लिहायचा, ज्याला मॅक्रो म्हणतात, आणि तो आउटलुकला सांगतो, ‘या पत्त्यावर ही फाइल पाठव.’ पगाराच्या स्लिपा, थकबाकीची स्मरणपत्रं, डिस्पॅचचे रिपोर्ट असं बरंच काही पुण्यातल्या कितीतरी ऑफिसांत अजून असंच जातं. माणूस बटण दाबतो आणि पुढचं मॅक्रो बघून घेतो.

फोनवर एखादं अ‍ॅप ‘एसएमएस पाठवायची परवानगी द्या’ म्हणतं ना, तसंच आउटलुक इथे विचारतं: एक प्रोग्रॅम तुमच्या नावाने मेल पाठवू बघतोय, हे अनपेक्षित असेल तर नाही म्हणा आणि तुमचा अँटिव्हायरस अपडेटेड आहे का ते तपासा. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. ते कोणीच वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं.

हा प्रश्न विचारायची वेळ का आली

२६ मार्च १९९९ ला मेलिसा नावाचा व्हायरस पसरला. वर्डची एक फाइल, तिच्यात मॅक्रो. फाइल उघडली की मॅक्रो आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधले पहिले पन्नास पत्ते घ्यायचा आणि त्यांना स्वतःची कॉपी पाठवायचा. मेलच्या विषयात पाठवणाऱ्याचं खरं नाव असायचं, म्हणजे ज्याला मेल मिळाली त्याला ती ओळखीच्या माणसाकडूनच आलेली दिसायची. मग ४ मे २००० ला फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. त्याने पन्नासचीही मर्यादा ठेवली नाही, अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांनाच प्रेमपत्र. मोठमोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी मेल सर्व्हर बंद करून ठेवले. ज्याच्यावर संशय होता त्या विद्यार्थ्यावर खटलासुद्धा चालला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता.

या दोन्ही प्रकरणांत आउटलुकमध्ये कुठली गुप्त खिडकी सापडलेली नव्हती. दुसऱ्या प्रोग्रॅमने हुकूम दिला आणि आउटलुकने तो पाळला. मायक्रोसॉफ्टने ते मुद्दाम तसंच बनवलेलं होतं. त्यामुळे जून २००० मध्ये सुरक्षा अपडेट आलं आणि तेव्हापासून आउटलुक प्रश्न विचारायला लागलं.

आणि ते अतोनात विचारायचं. पत्ता वाचायचा असेल तर पॉपअप, मेल पाठवायची असेल तर पुन्हा पॉपअप. पत्ते वाचायची परवानगी एक, दोन, पाच किंवा दहा मिनिटांसाठी एकदम देता यायची. पाठवायची मात्र दर मेलला वेगळी, आणि तीही लगेच नाही. परवानगीचं बटण काही सेकंद दबतच नाही, एक पट्टी हळूहळू सरकत जाते आणि मग ते उजळतं. कोणी कोड लिहून ते बटण पटकन दाबू नये म्हणून ही सोय. तरी लोकांनी त्यावर उपाय काढलाच: ‘एक्सप्रेस क्लिकयस’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळायचं, ते कोपऱ्यात बसून तुमच्या वतीने ‘येस’ दाबत राहायचं. सोसायटीने नीट चौकशी करण्यासाठी वॉचमन ठेवावा आणि आपण त्याच्या शेजारी ‘सोडा, सोडा’ म्हणणारा आणखी एक माणूस बसवावा, त्यातला प्रकार.

२००७ च्या आउटलुकमध्ये मायक्रोसॉफ्टने समजूतदारपणा दाखवला. नियम बदलला: कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस चालू आणि अपडेटेड असेल तर उगाच विचारायचं नाही. तो बंद असेल किंवा जुना झाला असेल तरच विचारायचं. आजही डीफॉल्ट हेच आहे. ट्रस्ट सेंटरमध्ये गेलात तर तीन पर्याय दिसतात: अँटिव्हायरस ठीक नसेल तेव्हाच सावध करा, नेहमीच सावध करा आणि कधीच सावध करू नका. तिसऱ्यापुढे मायक्रोसॉफ्टनेच ‘शिफारस नाही’ असं लिहून ठेवलंय. अ‍ॅडमिन म्हणून आउटलुक उघडलं नसेल तर ते पर्याय राखाडी दिसतात, बदलता येत नाहीत.

याचा अर्थ नीट बघा. आजच्या काळात हा पॉपअप सारखा येत असेल तर बहुतेक वेळा गडबड आउटलुकची नसते. आउटलुक विंडोजला विचारतं की अँटिव्हायरसची तब्येत कशी आहे, आणि विंडोजकडून उत्तर येतं की बरी नाही.

रिन्यूअलची घंटा

पुण्यात हे समजावून सांगणं सोपं आहे, कारण अँटिव्हायरस हा आपल्याकडे जवळजवळ घरचाच धंदा. क्विक हील पुण्याची. कैलाश काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढता काढता नव्वदच्या दशकात त्यांचं प्रॉडक्ट तयार झालं. त्यामुळे इथल्या लहान ऑफिसांत आणि दुकानांत अँटिव्हायरस ही वस्तू पेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून घेतात, किल्लीच्या आकड्यांसकट, वर्षभराची.

आणि वर्ष संपतं. मार्चअखेरच्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहत नाही. ३० मशीनचं रिन्यूअल म्हणजे चांगली रक्कम, मग मालक म्हणतात, “पुढच्या महिन्यात बघू.” लायसन्स संपलं की अपडेट थांबतात, विंडोज ‘जुना झाला’ असा शेरा मारतं, आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधल्या मॅडम ओरडतात की आउटलुक बिघडलं. मग आयटीवाला धावत येतो आणि आउटलुक ‘दुरुस्त’ करतो.

मी असाच ‘दुरुस्त’ करणारा होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, एमआयडीसीत होती, साधारण १४० कॉम्प्युटर. एचआरच्या ताई दर महिन्याच्या सात तारखेला १८० पगार स्लिपा पाठवायच्या. एक्सेलमध्ये बटण दाबायचं आणि मग १८० वेळा ती पट्टी सरकायची वाट बघून ‘अलाउ’ दाबायचं. वीस मिनिटं. ताई डबा उघडून बसायच्या, डाव्या हाताने पोळी, उजव्या हातात माउस. मला म्हणाल्या, “अरे, तुम्ही इंजिनिअर ना? हे एवढं बंद करता येत नाही?”

लागलं मनाला. मी शोधलं, सापडलं. ‘ऑब्जेक्ट मॉडेल गार्ड’ नावाची व्हॅल्यू, तिच्यात २ टाकला की आउटलुक कधीच विचारत नाही. ताईंच्या मशीनवर टाकला. परचेसवाल्यांना कळलं, त्यांनाही हवं. मग डिस्पॅच. तिसऱ्या फोननंतर साहेब म्हणाले, “एकेक काय करतोस, सगळ्यांचीच बंद कर ना!” कंपनीत डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसी नावाची सोय असते, सर्व्हरवर एका जागी बदल केला की सगळ्या मशीनवर आपोआप पोचतो. मी पॉलिसी केली. दुपारच्या चहापर्यंत १४० कॉम्प्युटर गप्प झाले होते. ताईंनी मला त्या दिवशी काजूकतली दिली. मी एकदाही बघितलं नाही की मुळात या मशीनवर तो प्रश्न येतोच का आहे.

आठेक महिने काहीच झालं नाही, आणि हीच यातली वाईट गोष्ट. नंतर एके दिवशी स्टोअर्सच्या पीसीवर पर्चेस ऑर्डरसारखी दिसणारी वर्डची फाइल आली. तिथल्या मुलाने उघडली, वर पिवळी पट्टी आली, त्याने ‘एनेबल कंटेंट’ दाबलं. त्या मशीनचा अँटिव्हायरस दोन महिन्यांपूर्वीच संपला होता. अर्ध्या तासात साठेक सप्लायरना आमच्या पत्त्यावरून तीच फाइल गेली. २० वर्षांपूर्वीच्या मेलिसाचीच युक्ती.

पॉपअप असता तर हे थांबलं असतं का? छातीठोक सांगता येणार नाही. तो मुलगाही कदाचित अलाउ-अलाउ दाबत गेला असता. पण दोन-चार वेळा दाबून त्याने मला फोन केला असता, एवढी मला खात्री आहे. पॉलिसी लावायच्या आधी असे फोन मला रोज यायचे: “अरे, हे काय विचारतंय बघ रे.” ते फोन बंद झाले म्हणून तर मी खूश होतो. मला मिळणारी बातमीच मी बंद करून टाकली होती, हे तेव्हा कळलं नाही.

चार दिवसांनी भोसरीचे एक सप्लायर रिसेप्शनला येऊन बसले. साठीचे काका, चार लेथ मशीन, ऑफिसात एकच कॉम्प्युटर. त्यांनी आमची फाइल उघडली होती. त्यांच्या पीसीवरून त्यांच्या गिऱ्हाइकांना तशाच मेल गेल्या, मग त्यांच्या खऱ्या मेलसुद्धा स्पॅममध्ये पडायला लागल्या. त्यात एका नव्या पार्टीला पाठवलेलं कोटेशन होतं. मुदत गेली, ऑर्डर दुसऱ्याला मिळाली. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमच्या कंपनीचं नाव बघून उघडली हो मी.” साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि मला आत बोलावलं. पॉलिसी कोणाच्या सांगण्यावरून केली हा प्रश्न त्या बैठकीत निघाला नाही.

‘आपोआप हो’ म्हणजे काय

आपल्याला वाटतं की वॉर्निंग बंद केली म्हणजे प्रश्न मिटला. प्रश्न तिथेच असतो. प्रत्येक वेळी आउटलुकच्या आत कोणीतरी विचारतंच, ‘पाठवू?’ फक्त १४० माणसांच्या वतीने एका २३ वर्षांच्या पोराने सहा-आठ महिने आधीच ‘हो’ सांगून ठेवलेलं असतं, पुढे येणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना, ते कुठले असतील ते माहीत नसताना.

अशा आगाऊ ‘हो’ची किंमत पुण्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर बघितली आहे. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. तो हल्ला आउटलुकचा नव्हता आणि बँकेत कोणी पॉपअप बंद केला होता असंही मला म्हणायचं नाही. पण त्यातली मधली पायरी बघा. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा विनंती व्हिसा किंवा रूपेच्या नेटवर्कमधून बँकेच्या स्विचकडे येते. स्विच बँकेच्या मुख्य सिस्टिमला विचारतो, ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ उत्तर आलं की नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या साखळीत स्वतःचा बनावट स्विच घुसवला. तो मुख्य सिस्टिमला विचारायचाच नाही. आलेल्या विनंतीला आपला आपणच ‘मंजूर’ म्हणायचा.

११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले. भारतात रूपे कार्डांवर २,८४९ व्यवहार, अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी १३.९२ कोटी. एकूण ९४.४२ कोटी. खातेदारांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत, कारण खात्यांना कोणी विचारलंच नव्हतं! पैसे गेले ते बँकेचे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

आमच्या १४० मशीनची आणि या ९४ कोटींची बरोबरी करत नाहीये. पण दोन्हीकडे प्रश्न विचारणारी जागा शिल्लक होती आणि उत्तर देणारा बदलला होता. बँकेत तो बदल चोरांनी केला. आमच्याकडे मी केला, काजूकतली खाऊन.

मग गप्प कसं करायचं

पॉपअप चालूच ठेवा आणि लोकांना सोसू द्या, असं मी अजिबात म्हणत नाही. १८० वेळा ‘अलाउ’ दाबणारी बाई सुरक्षित नसते, ती फक्त सरावलेली असते. १८१ वी मेल पगार स्लिपेची नसली तरी तिचं बोट दाबणारच. ताईंचा वैताग शंभर टक्के खरा होता. चूक औषधात होती.

पहिलं काम कंटाळवाणं आहे: प्रत्येक मशीनवर ट्रस्ट सेंटर उघडून अँटिव्हायरसची स्थिती काय दिसतेय ते बघायचं. ‘व्हॅलिड’ दिसत असेल तर डीफॉल्टमध्ये प्रश्न येणारच नाही. नसेल दिसत, तर रिन्यूअल करायचं, किंवा सरळ विंडोजमधला डिफेंडर चालू करायचा, तो फुकट आहे आणि विंडोजला त्याची तब्येत बरोबर कळते. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त पॉपअप इथेच संपतात, एकही सेटिंग न बदलता. एक अपवाद सांगून ठेवतो: रिमोट डेस्कटॉपसाठी विंडोज सर्व्हर वापरत असाल तर तिथे अँटिव्हायरसची माहिती देणारा तो भागच नसतो. त्यामुळे अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी आउटलुक विचारत राहतं. तिथे पॉलिसी लागते.

आता पॉलिसीकडे येऊ. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. ग्रुप पॉलिसीत आउटलुकच्या या प्रश्नांना चार प्रकारची उत्तरं ठरवून देता येतात: युजरला विचारा, आपोआप मंजूर करा, आपोआप नामंजूर करा, आणि कॉम्प्युटरची सुरक्षा बघून ठरवा. पत्ते वाचणं आणि मेल पाठवणं यांना वेगवेगळी उत्तरं देता येतात. इंटरनेटवर जो तो दुसरा पर्याय सांगतो. तिसऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही!

विचार करा ना. १४० पैकी किती मशीनवर दुसऱ्या प्रोग्रॅमने मेल पाठवायचं काही कारण होतं? मोजून अकरा. एचआरचं एक, बाकी परचेस आणि डिस्पॅच. स्टोअर्सच्या पीसीवरून मॅक्रोने मेल जायची कधीच गरज नव्हती. तिथे ‘आपोआप नामंजूर’ लावलं असतं तर पॉपअपही आला नसता आणि मेलही गेल्या नसत्या. शांतताच हवी असेल तर ती ‘नाही’ म्हणूनही मिळते. उरलेल्या अकरा मशीनचा वेगळा ग्रुप करायचा, त्यांना मंजुरी द्यायची, त्यांचा अँटिव्हायरस डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि कुठल्या मॅक्रोसाठी मंजुरी दिली ते कुठेतरी लिहून ठेवायचं, कारण तुम्ही दोन वर्षांनी नोकरी बदलणार आहात आणि पुढच्याला त्यातलं काही कळणार नाही. नामंजुरी लावताना आधी चार-पाच मशीनवर आठवडाभर बघा. कधी कधी एखाद्या जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं काम अडतं आणि मग ते कुठून मेल पाठवत होतं ते पहिल्यांदाच कळतं.

त्याहून चांगलं म्हणजे पगार स्लिपांचं काम आउटलुकच्या खांद्यावरून काढून घेणं. कोडने थेट कंपनीच्या मेल सर्व्हरशी बोलायचं, स्लिपांसाठी वेगळा पत्ता ठेवायचा, ज्याला फक्त तेवढंच करता येईल. काकांच्या प्रकरणानंतर मी तेच केलं. दोन दिवस लागले. ताईंना फरक एवढाच जाणवला की डबा आता कँटीनमध्ये खाता येतो.

फोनवरही हेच चाललंय

हे सगळं जुन्या ऑफिसातलं वाटत असेल तर तुमच्या फोनकडे या. गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलान’ म्हणून फाइल येते, ती असते एपीके, म्हणजे अ‍ॅप. अँड्रॉइड मध्ये थांबवतो: या सोर्सवरून इन्स्टॉल करायची परवानगी नाही, सेटिंग बदला. मग प्ले प्रोटेक्ट थांबवतो. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली जाते. तीन-तीन दारं. आणि लोक तिन्ही उघडतात. एक तर रोज कुठलं ना कुठलं अ‍ॅप कसली ना कसली परवानगी मागतं आणि अंगठा सरावलेला असतो. शिवाय पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आलेली असते. काकांनीही नाव बघूनच उघडली होती.

म्हणून ‘लोक वॉर्निंग वाचतच नाहीत’ असं म्हणून हात झटकायचे का? २०१३ मध्ये देवदत्त आखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी क्रोम आणि फायरफॉक्समधल्या अडीच कोटींहून जास्त वॉर्निंग्जचा अभ्यास केला. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची वॉर्निंग क्रोममध्ये ७० टक्के वेळा ओलांडली गेली आणि फायरफॉक्समध्ये ३३ टक्के वेळा. दोन्हीकडे विषय तोच. माणसं इथे आळशी आणि तिथे शहाणी होती असं थोडंच आहे? वॉर्निंग कशी दिसते, ओलांडायला किती क्लिक लागतात आणि ती उगाच किती वेळा येते, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे जबाबदारी वॉर्निंग बनवणाऱ्याकडे जाते, आणि ऑफिसात ती पॉलिसी लावणाऱ्याकडे.

कंपन्याही आता ‘विचारण्या’पेक्षा ‘नाही म्हणण्या’कडे वळल्यात. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो सरसकट अडवायला सुरुवात केली. मध्ये लोकांच्या तक्रारींमुळे काही दिवस माघार घेतली, मग पुन्हा चालू केलं. आमच्या स्टोअर्सच्या मुलासमोर आज ती फाइल आली तर त्याला ‘एनेबल कंटेंट’चं बटणच दिसणार नाही. गुगलनेही २०२४ मध्ये भारतात प्रयोग सुरू केला: ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीसारख्या नाजूक परवानग्या मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट ते इन्स्टॉलच होऊ देत नाही. मला हे पटतं, थोडं खटकतंही. माझ्या फोनवर काय टाकायचं ते दुसरं कोणी ठरवणार. पण माझ्या आत्याच्या फोनवर हे असावं असं मला मनापासून वाटतं, आणि आत्यासाठी एक आणि माझ्यासाठी एक असा नियम कसा करायचा ते मला सुचत नाही.

नव्या आउटलुकमध्ये तर हा वादच संपवलाय. दुसऱ्या प्रोग्रॅमने हुकूम द्यायची ती जुनी वाटच त्यात नाही, त्यामुळे पॉपअपही नाही. पण मग पगार स्लिपांचा मॅक्रोही चालत नाही, म्हणून ऑफिसं जुनंच आउटलुक धरून बसलीत. मायक्रोसॉफ्टने ते निदान २०२९ पर्यंत सांभाळायचं कबूल केलंय. तोवर नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक आयटी सपोर्टवाल्या पोराला कोणीतरी साहेब म्हणणारच आहे, ‘सगळ्यांचीच बंद कर ना.’

मावसभावाला मी त्या रात्री रजिस्ट्रीची व्हॅल्यू सांगितली नाही. म्हटलं, आधी ९० मशीनवर अँटिव्हायरसची स्थिती बघ आणि मला आकडा सांग. तो चिडला, “दादा, उद्यापर्यंत पाहिजे रे.” तरी त्याने पाहिलं, दोन दिवस घातले. ३४ मशीनवर लायसन्स संपलेलं होतं, चारवर अँटिव्हायरसच नव्हता. ती यादी प्रिंट काढून त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवली. चार मशीनवर त्याच दिवशी डिफेंडर चालू झाला. ३४ चं रिन्यूअल पुढच्या महिन्याच्या बिलात धरलंय. तोवर त्या मशीनवर पॉपअप येऊ द्यायचा असं ठरलंय, आणि त्याचा फोन दिवसभर वाजतोय.